कूर्चेचें कलम

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ या मासिकांत पुण्याकडील एका शस्त्रक्रियेची हकीकत प्रसिद्ध झाली. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक शेतकरी १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभर तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या ज्ञातींतील एका वैद्यानें त्याच्या कपाळावरील कातडें नाकाच्या आकारानें सोडविलें. तें साफ तोडून मात्र टाकलें नाहीं. दोन डोळ्यांच्या मध्यें तें मूळ जागेस जोडलेलेंच राखलें, मग पीळ देऊन खालीं आणलें आणि कापलेल्या नाकाच्या जागीं बसविलें. सुमारें २५ दिवसांनीं, नव्या जागेवर कातडें नीट धरल्यावर, मधला दुवा कापला. ही हकीकत विलायतेंत गाजली, आणि जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडन येथें त्याच पद्धतीनें शस्त्रक्रिया केली.

पुण्याच्या त्या वैद्यानें राखलेल्या दुव्यांतच कलमाचें सारें मर्म आहे. आंब्याचें भेटकलम बांधणारा माळीही हेंच करतो. रोप आणि फांदी एकत्र बांधल्यावर दोहोंचा रस एक होईपर्यंत तो फांदी मूळ झाडापासून तोडीत नाहीं. झाडाला जसा रस, तसें शरीराला रक्त. जेथें रक्त पोंचेल तेथें लावलेलें कातडें जगेल, हाड सांधेल, जखम भरेल. जेथें पोंचणार नाहीं तेथें लावलेलें सारें सुकून जाईल.

परंतु शरीरांत असाही एक पदार्थ आहे कीं ज्यांत रक्त मुळीं फिरतच नाहीं. सांध्यांतील हाडांच्या टोकांवर असणारी कूर्चा ती हीच. तिला जखम झाली तर ती भरावी कशी, आणि तिचें कलम करावयाचें तर तें जगावें कसें? गुडघ्याच्या शस्त्रवैद्यांना या प्रश्नानें दोन शतकांहून अधिक काळ अडवून धरलें होतें. त्याचें उत्तर आज कोठवर मिळालें आहे, आणि तें कोणाच्या उपयोगाचें व कोणाच्या नाहीं, हें समजून घेणें प्रत्येक कुटुंबाच्या हिताचें आहे. कारण ज्या घरांत कोणाचाच गुडघा दुखत नाहीं असें घर विरळाच.

गुडघा हा तीन हाडांचा सांधा आहे. वरून मांडीचें हाड येतें, खालीं नडगीचें हाड असतें आणि पुढें वाटी असते. हीं हाडें जेथें एकमेकांवर फिरतात तेथें त्यांवर निळसर पांढऱ्या, गुळगुळीत, चिवट पदार्थाचा लेप असतो. ही कूर्चा बहुतेक ठिकाणीं २ ते ४ मिलिमीटर जाड असते. वाटीच्या मागच्या बाजूस ती याहून जाड असते. तिच्या वजनाचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग निव्वळ पाणी आहे. उरलेल्यांत चिवट तंतूंचें जाळें आणि त्या जाळ्यांत पाणी धरून ठेवणारीं द्रव्यें असतात. जिवंत पेशी फार थोड्या. शेंकडा पांच हिश्श्यांच्याही आंत. त्या आपआपल्या कोनाड्यांत कोंडलेल्या असतात, आणि एकीला दुसरीकडे जाण्यास वाट नसते.

रक्तवाहिन्या नाहींत, तर या पेशींना अन्न कोण पुरवितो? सांध्यांत जो बुळबुळीत रस असतो तोच त्यांचा अन्नदाता. पाऊल टेकलें कीं कूर्चा दाबली जाते आणि तिच्यांतील पाणी बाहेर येतें. पाऊल उचललें कीं रस पुन्हां आंत शिरतो. पाण्यांतला स्पंज दाबावा व सोडावा, तसा हा व्यवहार जन्मभर चालतो. चालणें हेंच कूर्चेचें जेवण आहे असें म्हटलें तरी चालेल. यामुळेंच फार दिवस बांधून ठेवलेल्या सांध्याची कूर्चा मऊ पडते व पातळ होते.

येथें शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. लोक कधीं ‘गुडघ्याची गादी झिजली’ म्हणतात, तर कधीं ‘वंगण संपलें’ म्हणतात. गादी म्हणजे मांडीच्या व नडगीच्या हाडांमध्यें असणाऱ्या चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या. त्यांच्या बाहेरच्या कांठाला रक्त मिळतें, आणि त्यांची दुरुस्ती हा निराळा विषय आहे. वंगण म्हणजे वर सांगितलेला रस. कूर्चा या दोहोंहून वेगळी असून ती हाडालाच घट्ट चिकटलेली असते. प्रस्तुत विवेचन तिच्यापुरतेंच आहे.

विल्यम हंटर या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाचा सांध्यांतील कूर्चेवरील निबंध १७४३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. हंटर तेव्हां अवघा २५ वर्षांचा होता. कूर्चेची रचना त्यानें त्यांत वर्णन केलीच, शिवाय हिप्पॉक्रेटिसाच्या काळापासून शस्त्रवैद्य जें मानीत आले तेंही नमूद केलें. तें असें कीं, कूर्चेचा व्रण हा फार हट्टी रोग असून कूर्चा एकदां नष्ट झाली म्हणजे ती पुन्हां येत नाहीं. पुढील दोनशें वर्षें हा निवाडा कोणालाच फिरवितां आला नाहीं.

निवाडा इतका कठोर कां, याचें कारण आतां सहज ध्यानीं येईल. हाताला चाकू लागला तर प्रथम रक्त येतें. तें गोठतें, त्या गाठीवर आसपासच्या पेशी येऊन वस्ती करतात, आणि जखम भरते. कूर्चेच्या जखमेंत रक्त येत नाहीं, म्हणून गाठ बनत नाहीं. शेजारच्या पेशी कोंडलेल्या, म्हणून धांवून येत नाहींत. तिच्यांत मज्जातंतूही नाहींत. त्यामुळें खेळतांना पाय मुरगळून कूर्चेचा टवका उडाला तरी खुद्द कूर्चा दुखत नाहीं. पुढें सांधा सुजतो, सुटलेला तुकडा मध्यें अडकून गुडघा अडतो, किंवा उघड्या पडलेल्या हाडावर भार येऊं लागतो, तेव्हां कोठें मनुष्य वैद्याकडे जातो.

या कोंडींतून शस्त्रवैद्यांनीं तीन वाटा काढल्या.

पहिली वाट म्हणजे जेथें रक्त नाहीं तेथें तें आणणें. कूर्चेच्या खालच्या हाडांत रक्त भरपूर असतें. तेव्हां जखमेच्या तळाशीं हाडाला भोकें पाडावीं, म्हणजे रक्त वर येऊन गोठेल, असा विचार ब्रिस्टल येथील केनेथ प्रिडी यानें केला आणि १९५९ सालीं आपली पद्धति मांडली. पुढें अमेरिकेंत कोलोराडो प्रांतांतील रिचर्ड स्टेडमन यानें १९८० नंतरच्या दशकांत अणकुचीदार टोच्यानें अगदीं बारीक छिद्रें पाडण्याची पद्धति रूढ केली. ही शस्त्रक्रिया सोपी, एका बैठकींत होणारी व कमी खर्चाची आहे. लहान जखमेंत, तरुण माणसास तिचा चांगला गुणही येतो. परंतु छिद्रांतून जें उगवतें तें मूळच्या कूर्चेसारखें नसतें. तें जाड्याभरड्या तंतूंचें, जखमेच्या वणासारखें असतें. फाटक्या धोतराला ठिगळ लागलें, पण कापड निराळें. वर्षें लोटतात तसें हें ठिगळ कित्येकदां विरूं लागतें.

दुसरी वाट म्हणजे तयार कूर्चाच, खालच्या हाडाच्या तुकड्यासह, आणून बसविणें. हें खरें कलम. जर्मनींतील एरिख लेक्सर यानें १९०८ सालीं, रोगामुळें वा अपघातामुळें कापाव्या लागलेल्या पायांतील ताजे सांधे दुसऱ्या रुग्णांस बसविल्याचें प्रसिद्ध केलें. ते सर्वच टिकले नाहींत. परंतु प्रयत्न वेडगळ नव्हता. कॅनडांतील टोरोंटो येथें अ‍ॅलन ग्रॉस व त्याचे सहकारी यांनीं १९७२ पासून मृत दात्यांची ताजी कूर्चा हाडासह बसविण्याचा क्रम सुरू केला, आणि त्यांतील कित्येक कलमें दशकानुदशकें टिकलीं.

दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलें तर शरीर त्यावर तुटून पडतें, आणि तें टिकविण्यासाठीं जन्मभर औषधें घ्यावीं लागतात. कूर्चेच्या बाबतींत तसें होत नाहीं. जी गोष्ट तिला स्वतःची जखम भरूं देत नाहीं, तीच येथें तिच्या कामीं येते. तिच्यांत रक्त नाहीं, म्हणून रक्तांतून फिरणारे शरीराचे पहारेकरीही तिच्या कोनाड्यांतील पेशींपर्यंत पोंचत नाहींत. परकी कूर्चा परक्या घरांत बिनबोभाट नांदते. तिच्या खालचें हाड मात्र निर्जीव होतें. रुग्णाचें स्वतःचें हाड त्यांत हळूहळू शिरतें आणि त्याची जागा घेतें. भेटकलमांतील दुव्याचें काम येथें तें हाड करतें.

या पद्धतींतील अडचण दात्याची आहे. कूर्चेंतील पेशी जिवंत राहिल्या पाहिजेत, म्हणून ती गोठवून वर्षानुवर्षें ठेवतां येत नाहीं. थंड द्रवांत ठेवून सुमारें चार आठवड्यांच्या आंत ती बसवावी लागते. त्यांतील पहिले कांहीं दिवस, दात्यास कोणता संसर्गजन्य रोग नव्हता ना, हें तपासण्यांत जातात. गुडघ्याचें माप व गोलाईही जुळावी लागते. म्हणजे कोणा तरुणाचें अकालीं निधन व्हावें, त्याच्या दुःखी आप्तांनीं दानास संमति द्यावी, आणि तो गुडघा नेमका दुसऱ्या कोणाच्या मापाचा निघावा, इतके योग एकत्र यावे लागतात.

मग दुसऱ्याकडे मागण्याऐवजीं रुग्णाच्याच गुडघ्यांतून कांहीं उसनें घेतां येईल काय? हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील लास्लो हांगोदी यानें १९९२ सालीं याचें एक चतुर उत्तर व्यवहारांत आणलें. गुडघ्याच्या ज्या कडांवर भार कमी पडतो तेथून कूर्चा व हाड यांच्या बारीक, गोल खुंट्या नळीनें काढावयाच्या, आणि जखमेच्या तळांत तशींच भोकें पाडून त्यांत एकीशेजारीं एक ठोकून बसवावयाच्या. देवळाच्या फरशींत रंगीत तुकड्यांची नक्षी बसवितात तसें तें दिसतें, म्हणून तिचें नांवही तुकड्यांच्या नक्षीवरूनच पडलें. येथें अस्सल कूर्चा लागलीच मिळते. परंतु उसनवारीला सीमा आहे. एका जागेचें देणें फेडण्यासाठीं दुसरी जागा किती रिकामी करावयाची? म्हणून ही पद्धति लहान जखमांनाच शोभते.

तिसरी वाट सर्वांत धाडसाची आहे. कूर्चेचा तुकडा न लावतां तिचें बीजच पेरावयाचें, ही ती कल्पना. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें लार्स पीटरसन, मॅट्स ब्रिटबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं सशांवरील प्रयोगांनंतर १९८७ सालीं पहिल्या मनुष्यावर ही शस्त्रक्रिया केली. प्रथम दुर्बिणीनें गुडघ्याच्या निरोगी, कमी भाराच्या जागेवरून कूर्चेचे लहानसे कपचे काढले. प्रयोगशाळेंत ते विरघळवून पेशी त्यांच्या कोनाड्यांतून मोकळ्या केल्या. शरीरांत कोंडलेल्या असतांना ज्या वाढत नव्हत्या, त्या पोषक द्रवांत दोन ते तीन आठवड्यांत कित्येक पटींनीं वाढल्या. मग गुडघा उघडून जखम साफ केली, नडगीच्या हाडावरील पातळ आवरणाचा एक तुकडा काढून तो जखमेच्या तोंडावर बारीक टांक्यांनीं शिवला, आणि त्याच्याखालीं पेशींचा द्रव सोडला. जमीन साफ करावी, वर आच्छादन घालावें आणि बीं सोडावें, तशी ही रीत आहे.

१९९४ सालीं या मंडळींनीं २३ रुग्णांचा वृत्तांत अमेरिकेंतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यांतील आंकडे त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देतात. मांडीच्या हाडावरील जखमेच्या १६ रुग्णांपैकीं १४ जणांची स्थिति दोन वर्षांनीं चांगली किंवा उत्तम होती. वाटीच्या मागील जखमेच्या ७ रुग्णांपैकीं मात्र दोघांनाच तसा गुण आला. मांडीच्या हाडावरील १५ कलमांचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां ११ ठिकाणीं मूळच्यासारखी कूर्चा दिसली. हंटरचा निवाडा २५१ वर्षांनीं प्रथमच डळमळला. पण तो सर्वस्वीं रद्द झाला असें त्या वृत्तांतावरून कोणीही म्हणूं शकला नसता.

पुढें या पद्धतींत सुधारणा झाली. नडगीवरून आवरण काढण्याऐवजीं तंतुमय द्रव्याच्या पातळ पडद्यावर पेशी रुजवून तो पडदाच जखमेच्या मापानें कापून चिकटवूं लागले. अशा एका पडद्यास अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें डिसेंबर २०१६ मध्यें मान्यता दिली. तरीही शस्त्रक्रिया दोन लागतात, मध्यें प्रयोगशाळा लागते, आणि खर्च मोठा येतो.

आतां मुख्य प्रश्न हा कीं हें कलम कोणाला? एकाच घरांत दोघांचे गुडघे दुखत असावेत. नातू बावीस वर्षांचा. खेळतांना पडला आणि कूर्चेचा रुपयाएवढा टवका उडाला. आजी सत्तर वर्षांची. जिना उतरतांना कठड्याला धरते, पाय धनुष्यासारखे वांकले आहेत. दोघांच्याही कागदावर ‘कूर्चा खराब’ हेच शब्द लिहिलेले असतील, आणि नातवावर जो उपाय होतो तोच आजीवर कां नको, असें घरचे कळकळीनें विचारतील.

उत्तर असें आहे कीं नातवाची कूर्चा जखमी आहे व आजीची झिजलेली आहे. चांगल्या रस्त्यांत एखादा खड्डा पडला तर तो भरतां येतो, कारण भोंवतालची कड मजबूत असते आणि भराव तिच्या आधारानें टिकतो. परंतु सारा रस्ताच उखडला असेल तर खड्डे भरणें व्यर्थ. आजीच्या गुडघ्यांत कलमाला धरण्यासाठीं कडच उरलेली नसते. समोरच्या हाडाचीही कूर्चा गेलेली असते, आणि लावलेलें कोंवळें कलम त्या उघड्या हाडाखालीं भरडून निघेल. तिच्यासाठीं व्यायाम, वजन उतरविणें, काठी, वेदनाशामक औषधें आणि शेवटीं गरज पडल्यास कृत्रिम सांधा, हाच मार्ग आहे. आणि तो कांहीं कमी प्रतीचा नव्हे. कृत्रिम सांध्यानें असंख्य वृद्धांना पुन्हां देवळाची पायरी चढतां आली आहे.

नातवाच्या बाबतींतही कलमाआधीं दोन गोष्टी पाहाव्या लागतात. गुडघ्याचे अस्थिबंध तुटून तो लटपटत असेल, किंवा पाय वांकडा असल्यानें सारा भार एकाच बाजूस पडत असेल, तर आधीं किंवा त्याच वेळीं तें दुरुस्त केलें पाहिजे. ज्या कारणानें खड्डा पडला तें कायम ठेवून भराव घालणें म्हणजे पैसा व वेळ दोन्ही पाण्यांत घालणें होय. म्हणून ‘एका सुईंत कूर्चा नवी’ अशी जाहिरात कोणी करीत असेल, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत: जखम केवढी आहे? भोंवतालची कूर्चा कशी आहे? पायाचा कणा सरळ आहे काय? या प्रश्नांचें उत्तर न देतां जो उपाय विकतो, तो उपाय न घेतलेलाच बरा.

शस्त्रवैद्याचें काम एकदोन तासांत संपतें. रुग्णाचें तेथून सुरू होतें. पेरलेल्या शेतांत कोणी गुरें सोडीत नाहीं. तसाच नव्या कलमावर पूर्ण भार देतां येत नाहीं, आणि साधारणपणें सहा ते आठ आठवडे कुबड्यांच्या आधारानें चालावें लागतें. पण गुडघा निश्चल बांधूनही ठेवावयाचा नाहीं. टोरोंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यानें सशांवर प्रयोग करून १९८० सालीं दाखविलें कीं, भार न देतां सांधा सतत हळूहळू हलवीत ठेवला तर कूर्चेची जखम निश्चल ठेवलेल्या सांध्यापेक्षां अधिक चांगली भरते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर यंत्रानें किंवा दुसऱ्याच्या हातानें गुडघा सावकाश वांकवितात व सरळ करतात. हालचाल हेंच तिचें जेवण, हें तत्त्व येथें पुन्हां भेटतें. पेशींचें कलम पक्कें होण्यास वर्ष, कधीं त्याहूनही अधिक काळ लागतो. मैदानावर परतण्याची घाई करणारा तरुण वैद्याच्या कौशल्यावर स्वतःच्या हातानें पाणी सोडतो. आणि सर्व नीट झालें तरी पुढें म्हातारपणीं सांधा झिजणार नाहींच, अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं.

तात्पर्य, १७४३ चा निवाडा आज अर्धाच खरा राहिला आहे. कूर्चा आपण होऊन भरून येत नाहीं, हें अजूनही तितकेंच सत्य आहे. परंतु ती लावतां येते, पेरतां येते, आणि योग्य जागीं, योग्य माणसांत रुजतेही. तीन वाटांपैकीं कोणती धरावी हें जखमेच्या मापावर, वयावर व ऐपतीवर ठरेल. पुण्याच्या त्या वैद्यानें २५ दिवस थांबून दुवा कापला. तो घाई करता तर नाक गेलें असतें. विद्या कितीही पुढें गेली तरी कलम लावणाऱ्याला आणि लावून घेणाऱ्याला तो धीर सुटत नाहीं. आणि ज्यांचे गुडघे आज धड आहेत त्यांनीं रोज थोडें चालावें, वजन आटोक्यांत ठेवावें आणि सुजलेला गुडघा अंगावर काढूं नये, हें सर्वांत स्वस्त व सर्वांत टिकाऊ औषध आहे.